बाविशीत पुढे, तिशीत कुठे?

आशावादी : दादा, निकाल लागला की तुमचं ठरलेलं वाक्य असतं, ‘मुलींची बाजी’ हा नुसता मथळा आहे. म्हणून आज आकड्यांपासूनच सुरुवात करते. 2025 च्या बारावीच्या परीक्षेत राज्यात 94.58 टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलं 89.51 टक्के. आदल्या वर्षी मुली 95.44 आणि मुलं 91.60. दहावीलाही मुलीच पुढे. आणि आता हे शाळेपुरतं राहिलेलं नाही. केंद्र सरकारचं उच्च शिक्षणाचं सर्वेक्षण आहे ना, त्यात 2021-22 साली 18 ते 23 या वयोगटाशी ताडून पाहिलं तर मुलींची नोंदणी 28.5 टक्के आणि मुलांची 28.3 टक्के निघाली. देशातल्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत मिळून दोन कोटी सात लाख मुली. विज्ञान शाखेत तर मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त. पीएच.डी. करणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या बायका. आपल्या नाशिकच्या इंदिरानगरातच बघा. एचएएल, प्रेस, मायको अशा नोकऱ्यांच्या आधाराने ज्यांनी इथे घरं बांधली, त्यांच्या बायकांपैकी कितीतरी जणी दहावी-बारावीवर थांबलेल्या होत्या. निफाड-सिन्नरकडून लग्न होऊन आलेल्या. त्यांच्या मुली आज सकाळी सातला वडाळा-पाथर्डी रस्त्यावरून स्कूटीवर कॉलेजला जातात, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. एका पिढीत एवढा पल्ला गाठला गेलाय. त्याचा आनंद मी तरी मोकळेपणाने मानणार.

शंकेखोर : ताई, आनंद माना. आकड्यांशीही माझं भांडण नाही, फक्त त्यातला एक आपल्या घरचा आकडा तुम्ही सोडलात. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्राचं एकूण प्रमाण देशापेक्षा बरंच वर आहे, 35 च्या पुढे. पण देशात मुली मुलांच्या बरोबरीला आल्या असताना महाराष्ट्रात त्या मुलांच्या मागेच आहेत. सावित्रीबाईंनी 1848 साली जिथे सुरुवात केली, त्या राज्यात. बारावीला पाच टक्क्यांनी पुढे असलेली मुलगी पुढच्या दोन-तीन वर्षांत मागे कशी पडते, याचं उत्तर मला निकालात सापडत नाही, प्रवेशाच्या फॉर्मवर सापडतं.

कॉलनीतले लोक माझ्याकडे सीईटीचा फॉर्म भरायला येतात. मी कंपनीत भरतीचं काम करतो, म्हणजे मला सगळं कळतं असा त्यांचा समज. कॅप राउंडला कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा असतो. मुलगा असला की बाप सांगतो, पहिलं पुण्याचं टाका, कॉम्प्युटर. दुसरं पुण्याचं टाका, कॉम्प्युटर. मग मुंबई, आणि शेवटी कुठे तरी नाशिक. मुलगी असली की पहिलं नाशिक कॉम्प्युटर, दुसरं नाशिक आयटी, तिसरं नाशिक इलेक्ट्रॉनिक्स, आणि तेही नाही मिळालं तर बी.एस्सी. आहेच. म्हणजे मुलाच्या फॉर्मवर शहर बदलतं, शाखा हलत नाही. मुलीच्या फॉर्मवर शाखा बदलते, शहर हलत नाही. मुलीला जास्त पर्सेंटाईल असले तरी हेच. शिकवायचं नाही असं त्यातला एकही बाप म्हणत नाही. शिकवायचंच आहे, पण सहाच्या आत घरी आली पाहिजे. आता तुम्ही म्हणालात, विज्ञान शाखेत मुली जास्त. त्यातल्या किती जणींनी विज्ञान निवडलं आणि किती जणींच्या वाट्याला ते घराजवळ आहे म्हणून आलं, हे सर्वेक्षणात कळत नाही. बी.टेक.ला देशभरात मुली दहात तीनसुद्धा नाहीत. आयआयटीत 2018 पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण कराव्या लागल्या, तेव्हा कुठे प्रमाण विसाच्या आसपास आलं. आयटीआयचं तर बोलायलाच नको. तीस टक्के जागा राखीव आहेत, पण फिटर, टर्नर, मशिनिस्टच्या वर्गात मुलगी शोधावी लागते. मुली ड्रेस मेकिंगला, कॉस्मेटॉलॉजीला, फार तर कोपाला, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरच्या वर्गाला. आणि अंबडच्या कारखान्यात मला हवा असतो सीएनसी चालवणारा माणूस.

आशावादी : तुमचा फॉर्म मी नाकारत नाही. माझ्या विद्यार्थिनींच्या घरीही मी हेच पाहिलंय. पण तुम्ही त्यातून जो निष्कर्ष काढता तो घाईचा आहे. जवळच्या, वेगळ्या, सुरक्षित वाटणाऱ्या जागेनंच मुली घराबाहेर पडल्या, हा आपल्याकडचा इतिहास आहे. कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्यांच्यावर टीका झालीच की. स्त्रियांसाठी निराळा अभ्यासक्रम, मराठीतून शिक्षण, गृहशास्त्रासारखे विषय. बरोबरीचं शिक्षण द्यायचं सोडून गृहिणीच घडवताय, असा तो आक्षेप. तो अगदी चुकीचाही नव्हता, कारण बाईचं मुख्य कार्यक्षेत्र घर, असं कर्वे स्वतःही मानत होते. तरीही त्या दारातून आत गेलेल्या मुली गृहिणीपुरत्या राहिल्या का? आपल्या कॉलेज रोडला महिला महाविद्यालय आहे, तेही कर्व्यांच्या त्याच विद्यापीठाच्या, एसएनडीटीच्या परंपरेतलं. तिथे केवळ ‘मुलींचं आहे ना, मग जाऊ दे’ म्हणून पाठवलेल्या मुली आल्या. सटाण्याच्या, पेठच्या, सुरगाण्याच्या. त्यांच्या वडिलांना पुण्याचा पर्याय दिला असता तर त्या पुण्याला गेल्या नसत्या, घरी बसल्या असत्या. अडचणीतून का होईना, मिळालेली पदवी ही पदवीच असते. तिला कमअस्सल म्हणू नका.

आणि दुसरं. मुलींनी घेतलेली शाखा म्हणजे दुय्यम शाखा, हे तुमच्या बोलण्यात परत परत येतं. नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली झालं. त्याच्याशी जोडलेल्या नर्सिंगच्या, फिजिओथेरपीच्या, आयुर्वेदाच्या कॉलेजांत जाऊन बघा, वर्ग मुलींनी भरलेले असतात. करोनाच्या काळात या शहराला फिटर लागला की नर्स लागली? लेथवर उभं राहणं म्हणजे कौशल्य आणि आयसीयूत रात्र काढणं म्हणजे बाईचा स्वभाव, ही विभागणी कुणी केली? मुलींनी यंत्राकडे यावं असं मलाही वाटतं, पण त्या जिथे आहेत तिथल्या कामाची किंमत वाढवणं हा मार्ग तुम्हाला का सुचत नाही?

शंकेखोर : सुचतो. नर्सला मशिनिस्टइतका पगार देणारं खासगी हॉस्पिटल दाखवा, मी लगेच मान्य करीन. पण तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी कारखान्याच्या बाजूने बघतो आणि तिथे आम्हाला पदवीची एकच बाजू दिसते. ही दुरुस्ती मी मनापासून घेतो.

फक्त ज्या मुलींची शाखा बाजाराच्या दृष्टीनेही बरोबर होती, त्यांच्याबद्दल बोलू. आमच्याकडे डिप्लोमा झालेल्या मुली अप्रेंटिस म्हणून येतात. इथल्याच पॉलिटेक्निकच्या, मेकॅनिकलच्यासुद्धा. क्वालिटीला बसतात, काम चोख, ड्रॉइंग वाचायला मुलांपेक्षा पक्क्या. वर्ष संपतं, कायम करायची वेळ येते, आणि लग्न ठरलेलं असतं. सासर ठाण्याला नाही तर हिंजवडीला. तिथे जाऊन ती काय करते ते मला कळत नाही, पण देशाच्या आकड्यांवरून कळतं. श्रमबळाच्या पाहणीत 2023-24 साली शहरातल्या 15 वर्षांवरच्या बायकांपैकी कामावर असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या होत्या 28 टक्के. खेड्यात 47 च्या पुढे, कारण तिथे शेत आहे, गुरं आहेत. पदव्या शहरात जास्त आणि कामावर बायका शहरातच कमी. मग ती पदवी कशासाठी होती? बायोडाटात ‘शिक्षण’ या रकान्यात लिहायला? आपल्या कॉलनीतले वधू-वर मेळावे तुम्हीही बघता. मुलगी इंजिनिअर हवी, आणि नोकरीचं ‘आमचा आग्रह नाही’. आग्रह नाही याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

आशावादी : त्यातली अर्धी जबाबदारी तुमच्या गेटच्या आतली आहे, दादा. 1948 च्या कारखाने कायद्यानं बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामाला मनाई होती. महाराष्ट्रानं 2015 साली दुरुस्ती करून ती उठवली, अटी घातल्या : सुरक्षा, वाहतूक, स्वच्छतागृह. त्याला आता दशक उलटलं. अंबड-सातपूरच्या किती कारखान्यांनी त्या अटी पाळून सेकंड शिफ्टला मुली घेतल्या? रात्री अकराला शिफ्ट सुटल्यावर पाथर्डी फाट्याला उभी राहिलेली मुलगी घरी कशी जाणार, याचा विचार तुमच्या भरतीच्या टेबलावर होतो का? होत नसेल, तर ‘मुली टिकत नाहीत’ हे वाक्य बोलायचा अधिकार तुम्हाला नाही.

राहिलेली अर्धी जबाबदारी घराची. सरकारनं 2024 मध्ये वेळ-वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची 289 मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88. पावणेपाच तासांहून जास्त आणि दीड तासाहून कमी. ही मिनिटं कुणाच्याही गुणपत्रिकेवर येत नाहीत, पण पदवी कुठे खर्ची पडते ते इथे दिसतं.

शंकेखोर : गेटबद्दलचं मी ऐकून घेतो. आमच्याकडे बस आहे, पण ती जनरल शिफ्टपुरती. सेकंड शिफ्टला मुली नाहीत म्हणून बस नाही आणि बस नाही म्हणून मुली नाहीत. हे मोडायला कुणाला तरी आधी पैसे घालावे लागतात, आणि ते आम्ही घातलेले नाहीत. यात लपवण्यासारखं काही नाही.

पण आता मी तुम्हाला एक विचारतो, आणि हे मला खरोखर छळतं. पाच टक्क्यांनी मागे पडलेला जो मुलगा आहे, त्याच्याबद्दल आपण कधी बोलणार? त्याचं नापास होणं हे मुलींच्या बातमीतलं अर्धं वाक्य असतं. राजीवनगरचा, वडाळा गावाचा मुलगा घ्या. बारावीला एक विषय राहिला. सकाळी पोलीस भरतीच्या मैदानावर पळतो, नाहीतर अग्निवीरची तयारी. उंचीत किंवा छातीत बसला नाही की ठेकेदारामार्फत आमच्याकडे हेल्पर. पावसाळ्यात काम कमी झालं की ठेकेदार काढतो, मग तो पार्सल पोचवायला लागतो. सत्ताविसाव्या वर्षी त्याच्या हातात कुठलाच कागद नसतो. 2024 पासून सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं, ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी सगळ्यांना. चांगलंच केलं. पण त्याच घरात तिच्या भावाला सवलत मिळाली तरी निम्मीच. दोघांत एकाला शिकवायचं असेल तर आता हिशेब मुलीच्या बाजूने बसतो. मला वाटतं आपण दहा वर्षांनी या मुलांकडे वळून बघू, आणि तेव्हा फार उशीर झालेला असेल. अमेरिकेत 1982 च्या सुमारास पदवीधर होणाऱ्या मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त झाली. ते अंतर तिथे पुढे वाढतच गेलं.

आशावादी : मुलांबद्दल बोलायला मी तयार आहे. पण मुलींची फी माफ झाली म्हणून मुलगा शिकायचा राहिला, हे मला पटत नाही. तो फीमुळे थांबत नाही. त्याला थांबायची मुभा असते म्हणून थांबतो. बारावी नापास मुलाला दुसऱ्या दिवशी काम मिळतं, टपरीवर का होईना. तो घराबाहेर राहू शकतो, रात्री फिरू शकतो, दोस्ताच्या गाडीवर बसून पुण्याला जाऊ शकतो. बारावीनंतर मुलीला घराबाहेर राहण्याचं एकच मान्य कारण उरतं, ते म्हणजे कॉलेज. ते सुटलं की दुसऱ्या दिवसापासून स्थळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. पाचात एकीहून जास्त. कॉलेजात टिकून राहण्यासाठी मुली जीव तोडून अभ्यास का करतात, ते आता तरी कळलं का? तो पाच टक्क्यांचा फरक हुशारीचा नाही. मुलाला पर्याय दहा आहेत म्हणून त्याच्यावर पुस्तकाचा दाब कमी. मुलीला एकच आहे म्हणून ती तो सोडत नाही.

शंकेखोर : थांबा, हे महत्त्वाचं बोललात. म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे मुलींचं पुढे असणं हे त्यांच्या कोंडीचं लक्षण आहे?

आशावादी : काही अंशी हो. हे म्हणताना मला त्रास होतो, कारण मी आयुष्यभर मुलींना ‘शीक, शीक’ सांगत आले. पण कोंडीतून का होईना, मिळालेलं ज्ञान कोंडीपुरतं राहत नाही, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय.

शंकेखोर : मग मी सांगितलेल्या त्या मुलाचे दहा पर्यायही तपासा. टपरी, हेल्परकी, पार्सल, मैदानावर पळणं. त्यातला एकही पस्तिशीनंतर पुरत नाही. विसाव्या वर्षी तो बी.कॉम. करणाऱ्या बहिणीपेक्षा जास्त कमावतो, घरात त्याचं कौतुक होतं, आणि त्या कौतुकापायी त्याचं शिक्षण सुटतं. ‘तू कमावता आहेस’ हे त्याला सोळाव्या वर्षापासून ऐकवलेलं असतं. खेड्यात तर याचा शेवट फार वाईट झालाय. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. लोक हसले. मला हसू आलं नाही. मागणी होती गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा अशी. 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या. त्यांच्या आधीच्या पिढीत जगलेल्या मुली शिकल्या आणि त्यांनी शेतकरी नवरा नको म्हटलं. निफाडचा द्राक्षवाला, घरी ट्रॅक्टर, बाग, सगळं आहे, पण शिक्षण बारावी. मुलगी एम.एस्सी. काय करायचं?

आशावादी : मुलीनं नकार दिला, एवढंच ऐकू येतं का तुम्हाला त्यात? तिच्या आईला नकार द्यायचा अधिकार नव्हता. माझ्या लेखी पदवीचा हा सगळ्यात मोठा उपयोग आहे, आणि तो तुमच्या श्रमबळाच्या 28 टक्क्यांत कुठेच मोजला जात नाही. आणि मुलाचं ‘तू कमावता’ आणि मुलीचं ‘तू सहाच्या आत घरी’ ही एकाच घरात, एकाच ताटावर बोलली जाणारी वाक्यं आहेत. पहिल्यामुळे मुलाचं शिक्षण लवकर सुटतं, दुसऱ्यामुळे मुलीच्या शिक्षणाचा पुढे पगार होत नाही. तुम्ही या दोन तक्रारी वेगळ्या करून मांडता, म्हणून त्या एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात.

शंकेखोर : मान्य. मग आपण मोजतोय तेच चुकतंय. बाविसाव्या वर्षी मोजलं तर मुलगी पुढे. तिसाव्या वर्षी मोजलं तर मुलगा, निदान पगारात. चाळिशीत मोजलं तर कोण, ते मला सांगता येत नाही.

आशावादी : चाळिशीतलं मी सांगते. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला मुक्त विद्यापीठ आहे. 1989 साली झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. त्याच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्राला बसलेल्या बायका पाहा. पिशवीत एका बाजूला भाजी, एका बाजूला मुक्त विद्यापीठाची पाठ्यपुस्तकं. अंगणवाडी सेविका, आशा ताई, नवरा गेल्यावर शिवणकाम करणारी, मुलगी बारावीला असताना स्वतः पदवीच्या पहिल्या वर्षाला बसलेली. मी काही काळ तिथे शिकवायला जात होते. एकीनं उत्तरपत्रिकेत प्रत्येक उत्तराखाली रेघ मारून तारीख घातली होती, कारण ते उत्तर तिनं घरी किती वेळा लिहून काढलं याची ती नोंद ठेवत असे आणि परीक्षेतही ती सवय सुटली नाही. अशा बाईची पदवी तुमच्या बाविशीच्या आकड्यात नाही, तिशीच्या पगारातही नाही. पण अंगणवाडीची मुख्य सेविका व्हायचं तर ती लागते. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या अभ्यासासाठी मिळालं, त्यात हेच आहे की बाईचं शिक्षण आणि काम यांचा संबंध सरळ रेषेत नसतो, मूल झालं की तो तुटतो, आणि कामाची रचना बदलली तर पुन्हा जोडता येतो.

शंकेखोर : जोडता येतो, पण किती नुकसानीनंतर? चाळिशीत बी.ए. झालेल्या बाईला जी नोकरी मिळते, ती तिला चोविसाव्या वर्षी मिळाली असती तर आज ती अधिकारी असती. मला तिच्या जिद्दीबद्दल आदर आहे. पण त्या जिद्दीच्या भरवशावर धोरण आखू नका. आणि पदवी मिळाली की काम मिळेल हेही गृहीत धरू नका. डी.एड. आठवा. गावोगावी कॉलेजं निघाली, मुलींनी रांगा लावल्या, कारण शिक्षिका म्हटलं की घरचे पाठवतात. मग भरती थांबली, आणि ते प्रमाणपत्र घेऊन हजारो मुली घरी बसल्या. ‘मुलींसाठी चांगलं’ म्हणून ज्या वाटेला सगळ्यांना पाठवलं जातं, ती बंद पडली की सगळ्या एकदम अडकतात. नर्सिंगचं तसं होणार नाही कशावरून? मला विचाराल तर फी माफीच्या पुढचा रुपया वसतिगृहावर आणि रात्रीच्या बसवर जावा, म्हणजे फॉर्मवर शहर बदलेल. आणि मुलांसाठी संध्याकाळचा, पगारासह आयटीआय.

आशावादी : वसतिगृहाला आणि बसला माझा हात वर. पण फीचा पैसा तिकडे वळवा असं म्हणाल तर मी विरोध करीन. सुरगाण्याच्या बापाला आधी फीच दिसते, वसतिगृहाचा विचार तो नंतर करतो. आणि मुलांसाठी आयटीआय काढाल तेव्हा त्यांना स्वयंपाकही शिकवा, कारण त्या 289 मिनिटांतली निदान शंभर त्यांच्याकडे गेल्याशिवाय तुमच्या सेकंड शिफ्टला एकही विवाहित मुलगी येणार नाही.

शंकेखोर : हे तुम्ही कारखान्याला सांगताय की घराला?

आशावादी : दोघांना. पुढच्या अप्रेंटिस भरतीची यादी तुमच्याच टेबलावर येईल ना? त्यात सेकंड शिफ्टसाठी सहा मुली आणि एक बस लिहा.

शंकेखोर : सहा मुली लिहीन. बस मागीन, मिळेलच असं सांगत नाही. पण ताई, त्या सहांच्या घरी जाऊन ‘अकरा वाजता येईल’ हे सांगायला माझ्याबरोबर तुम्हालाही यावं लागेल. माझं एकट्याचं तिथे कुणी ऐकणार नाही, आणि तुमचंही ऐकतीलच असं मला वाटत नाही.